दुखणं कपाळात, सुई मानेच्या वर

डोकं दुखतंय पुढे, कपाळात, डोळ्याच्या मागे. आणि डॉक्टर म्हणतात, डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर एक इंजेक्शन देऊ. हा सल्ला पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विश्वास बसत नाही, आणि ते साहजिक आहे. तोवर त्याचं बरंच काही करून झालेलं असतं. चष्म्याचा नंबर तपासून झालेला असतो, सायनसचा एक्स-रे झालेला असतो, एमआरआय नॉर्मल आलेला असतो आणि ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे घरच्यांनी शंभरदा सांगून झालेलं असतं. त्यानंतर भलत्याच जागी सुई टोचायची भाषा ऐकली की माणूस बिचकतो. ती जागा भलती का नाही आणि त्या सुईने नेमकं काय साधतं, ते इथे सावकाश पाहू. नसांवर केले जाणारे डोकेदुखीचे बाकीचे उपचारही त्यातूनच उलगडत जातात.

आधी हे उपचार कोणासाठी, ते पाहू. महिन्याचे 15 किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखतं, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललंय आणि त्यातले निदान 8 दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे आहेत, तर त्याला जुनाट अर्धशिशी म्हणजे क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. कर्नाटकात झालेल्या एका मोठ्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्यांचं प्रमाण सुमारे 25 टक्के निघालं होतं, म्हणजे चौघांत एक. त्यातल्या बहुतेकांचं गोळीवर भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी, तसंच क्लस्टर डोकेदुखी आणि ऑक्सिपिटल न्यूराल्जिया (डोक्यामागच्या नसेचं दुखणं) यांसारख्या दुखण्यांसाठी नसेवरचे उपचार आहेत.

आता ती भलती वाटणारी जागा. मेंदू स्वतः दुखत नाही. रुग्ण जागा असताना मेंदूच्या गाभ्याला हात लावला तरी त्याला वेदना होत नाही; पण मेंदूभोवतीचं आवरण आणि त्यातल्या मोठ्या रक्तवाहिन्या ताणल्या की तो कळवळतो. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉन्सन रे आणि हॅरल्ड वुल्फ यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाग्या असलेल्या रुग्णांमध्ये हे एकेक जागा तपासत नोंदवलं आणि 1940 मध्ये प्रसिद्ध केलं. या आवरणातली वेदना वाहून नेण्याचं बरंचसं काम ट्रायजेमिनल या नसेकडे असतं. कपाळ, डोळा, गाल आणि जबडा यांची संवेदनाही तिच्याचकडे. डोक्याच्या मागच्या भागाची संवेदना मात्र मानेतून येते. मानेच्या वरच्या मणक्यांपाशी उगम पावलेली ग्रेटर ऑक्सिपिटल नस मानेचे जाड स्नायू भेदून त्वचेखाली येते आणि टाळूकडे चढत जाते.

बाहेरून पाहता या दोन नसांचा एकमेकींशी काही संबंध नाही. आत मात्र आहे. ट्रायजेमिनल नसेचं केंद्र मेंदूच्या देठातून थेट मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत उतरतं आणि मानेच्या वरच्या नसा येऊन त्याच पेशींवर टेकतात. दोन गल्ल्यांची पत्रं एकाच पेटीत पडावीत आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता नसावा, तशी ही अवस्था. मेंदूला वेदना कळते, ती निघाली कुठून हे मात्र नीट कळत नाही. म्हणून मानेतला बिघाड डोळ्यामागे दुखतो आणि अर्धशिशीचा झटका येण्याआधी कित्येकांची मान धरते. फ्रेडरिक कर यांनी 1961 च्या सुमारास मानेतल्या पहिल्या नसेचं मूळ चेतवल्यावर रुग्णांना कपाळात आणि डोळ्याभोवती दुखल्याचं नोंदवलं. पुढे 2002-03 मध्ये लंडनमध्ये थॉर्स्टन बार्च आणि पीटर गोड्सबी यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की हे दोन्ही दिशांनी चालतं: मागची नस चेतवली की मेंदूच्या आवरणाकडून येणारे संदेश तीव्र होतात, आणि आवरण चेतवलं की मानेकडचे.

सुश्रुतसंहितेत अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यातल्या अनंतवाताचं वर्णन मला इथे आठवल्याशिवाय राहत नाही. मानेच्या मागच्या भागात तीव्र वेदना सुरू होते आणि मग डोळा, भुवई, कानशील इथे ठाण मांडते, असं ते वर्णन आहे. कारणमीमांसा वेगळी असली तरी मागून पुढे येणारी ही वाट त्या काळच्या वैद्याने रुग्णाजवळ बसून टिपली होती.

दुखणं जुनाट होतं तेव्हा या सामाईक पेशींमध्ये बदल होतो. सतत मारा झाल्याने त्या हळव्या होतात आणि साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून पुढे पाठवू लागतात. केस विंचरताना टाळू दुखणं, अंबाडा किंवा चष्म्याची काडी सहन न होणं, दुखऱ्या बाजूच्या कुशीवर झोपता न येणं या गोष्टी रुग्ण डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण त्यांना त्या किरकोळ वाटतात. त्या आवर्जून सांगाव्यात. वेदनेची यंत्रणा आतून किती तापली आहे, याची ती खूण असते.

सुईकडे वळण्याआधी दोन गोष्टी पाहून घेतल्या पाहिजेत. पहिली, धोक्याची लक्षणं. वीज कोसळावी तशी क्षणात शिखरावर गेलेली डोकेदुखी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, तापासोबत मान ताठ होणारी, हातपाय लुळे पाडणारी किंवा नजर घालवणारी, खोकल्याने वाढणारी, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेली. यातली एकही असेल तर आधी कारण शोधायचं. ब्लॉक म्हणजे नस बधिर करणारं हे इंजेक्शन, बोटॉक्स वगैरे सगळं नंतर.

दुसरी गोष्ट गोळ्यांची, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 दिवस किंवा जास्त, आणि ट्रिप्टान, एर्गोटामाइन ही अर्धशिशीची औषधं किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी 10 दिवस किंवा जास्त घेतली जात असेल, तर ती गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. आपल्याकडे एर्गोटामाइन आणि कॅफिन असलेली गोळी पर्समध्ये, डब्याच्या पिशवीत, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेली असते आणि केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणली जाते. गंमत म्हणून खात नाही ना कोणी ती. कामावर जायचं असतं, स्वयंपाक उरकायचा असतो. पण कॅलेंडरवर गोळीच्या दिवसाला खूण करत एक महिना मोजावा. आकडा पाहून बहुतेक जण दचकतात. गोळी सोडताना पहिले काही दिवस डोकं आणखी दुखतं आणि ते दिवस निभावून नेण्यासाठीही मागच्या नसेचा ब्लॉक वापरला जातो.

आता प्रत्यक्ष ब्लॉक. हे काम न्यूरोलॉजिस्ट करतात किंवा पेन क्लिनिकमधले भूलतज्ज्ञ. ऑपरेशन थिएटर लागत नाही, ओपीडीतच होतं. केस कापावे लागत नाहीत. धुतलेले, तेल न लावलेले असले की पुरे. उपाशी यायचं नाही, आणि उपवासाच्या दिवसाची वेळ तर घेऊच नये, कारण उपाशी राहणं हेच अनेकांच्या अर्धशिशीला निमित्त असतं. भुलीच्या औषधाची ॲलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, गरोदरपण आणि पूर्वी कवटीवर झालेली शस्त्रक्रिया, हे सगळं आधी सांगायचं. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची. हाडात कुठे पोकळी राहिली असेल तर भुलीचं औषध नको तिथे आत पोहोचू शकतं.

रुग्णाला खुर्चीत बसवून टेबलावर घडी घातलेल्या हातांवर कपाळ टेकवायला सांगतात. डॉक्टर बोटांनी दोन उंचवटे शोधतात: डोक्याच्या मागे मधोमध हाताला लागणारं हाड आणि कानामागचं हाड. या दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर मध्यापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर ती नस असते. तिच्या शेजारूनच धमनी जाते, तिची धडधड बोटाला लागते आणि नस धमनीच्या आतल्या अंगाला सापडते. तिथे दाबलं की बऱ्याच रुग्णांच्या तोंडून ‘हां, इथेच’ निघतं, काहींना कळ टाळूपर्यंत चढल्यासारखी वाटते. स्पिरिटने जागा पुसून बारीक सुई आत जाते, हाडाला टेकते, किंचित मागे येते. पिस्टन ओढून रक्त येत नाही ना हे पाहिलं जातं, म्हणजे सुई धमनीत नाही याची खात्री. मग 2-3 मिली औषध थोडी थोडी दिशा बदलत सोडलं जातं. बधिर करणारं लिडोकेन किंवा बुपिव्हाकेन, कधी दोन्ही. काही सेकंद चरचरतं. नंतर गॉजने जागा दाबून धरतात. एका बाजूला दोन-तीन मिनिटांचं काम आहे.

पाच-दहा मिनिटांत त्या बाजूचा मागचा भाग टाळूपर्यंत बधिर होतो. ब्लॉक लागल्याची हीच खूण, त्यामुळे बधिरपणाला घाबरायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसून राहायचं, कारण काहींना गरगरतं, आणि घरी स्वतः दुचाकी चालवत जायचं नाही. बधिरपणा जाईपर्यंत डोक्यावरून कढत पाणी घेऊ नये, चटका कळत नाही. दुसऱ्या दिवशी जागा हुळहुळते, एखाद्याची एक-दोन दिवस डोकेदुखी वाढतेसुद्धा.

बधिरपणा काही तासांत उतरतो. ज्यांना लागू पडतं त्यांचा आराम मात्र कित्येक दिवस, कधी काही आठवडे टिकतो. औषध शरीरातून निघून गेल्यावरही त्याचा उपयोग चालू राहतो, हे या उपचाराचं सर्वांत विलक्षण अंग. याचं सध्याचं स्पष्टीकरण त्या हळव्या झालेल्या पेशींशी जोडलेलं आहे. मागच्या नसेकडून येणारा मारा काही तास पूर्ण थांबला की त्या पेशींची उत्तेजना उतरते, आणि एकदा उतरली की लगेच पूर्वीच्या पातळीवर जात नाही. त्यामुळेच मागचा भाग बधिर केल्यावर कपाळावरचा हळवेपणाही कमी झालेला दिसतो. केस विंचरणं सुसह्य होतं, आणि रुग्ण आनंदाने सांगतात ते हेच.

औषधात स्टिरॉइड मिसळायचं का, हे दुखण्यावर ठरतं, आणि इथे रुग्णाने प्रश्न विचारलाच पाहिजे. क्लस्टर डोकेदुखीत डोळ्याभोवती एकाच बाजूला असह्य वेदना 15 मिनिटं ते 3 तास टिकते, डोळा लाल होऊन वाहतो, नाक चोंदतं आणि रुग्ण एका जागी बसूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो. या दुखण्यात स्टिरॉइडचा उपयोग भक्कम आहे. इटलीतल्या ॲना अम्ब्रोसिनी आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये छापलेल्या चाचणीत सगळ्यांना लिडोकेन दिलं होतं, फरक फक्त स्टिरॉइडचा. स्टिरॉइड मिळालेल्या 13 पैकी 11 जणांचे झटके पहिल्या काही दिवसांत थांबले. न मिळालेल्या 10 जणांत एकाचेही नाहीत. चाचणी लहान होती, पण पुढच्या चाचण्यांनीही याला दुजोरा दिला आणि अमेरिकन हेडेक सोसायटीने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत या इंजेक्शनला सर्वांत वरची श्रेणी दिली.

अर्धशिशीत चित्र इतकं स्वच्छ नाही. काही चाचण्यांत बुपिव्हाकेन साध्या सलाइनपेक्षा सरस ठरलं. 2015 च्या एका काळजीपूर्वक चाचणीत मात्र खरं औषध मिळालेला गट आणि नाममात्र औषध मिळालेला गट यांच्यात काहीच फरक निघाला नाही. आणि स्टिरॉइड घातल्याने अर्धशिशीत जास्तीचा फायदा झाल्याचं दिसलेलं नाही. मग ते कशाला घ्यायचं? त्याने सुईच्या जागी केस झडू शकतात, कातडी पातळ होऊन खळगा पडू शकतो आणि मधुमेहींची साखर काही दिवस चढते. म्हणून ‘यात स्टिरॉइड आहे का, आणि माझ्या दुखण्याला ते हवंय का?’ हा प्रश्न सुई लागण्याआधीच विचारायचा. चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही. इतकं असूनही मला ब्लॉक हातचा सोडून देण्यासारखा वाटत नाही. तो स्वस्त आहे, धोका थोडा आहे, गरोदर स्त्रीला बरीच तोंडी औषधं देता येत नाहीत तेव्हा नुसत्या लिडोकेनचा ब्लॉक देता येतो, आणि उपयोग झाला की नाही हे आठवड्यात समजतं.

बोटॉक्स वेगळ्या टोकाने काम करतं. 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातले विल्यम बाइंडर कपाळावरच्या सुरकुत्यांसाठी ते देत असताना काही जणांनी डोकेदुखी कमी झाल्याचं सांगितलं, आणि तिथून शोध सुरू झाला. स्नायू सैल पडल्याने आराम पडत असावा असं आधी वाटायचं. पण ते औषध नसेच्या टोकातही शिरतं आणि वेदना भडकवणारी रसायनं बाहेर सोडणारी कळच बंद करतं. त्यातलं मुख्य रसायन सीजीआरपी. अर्धशिशीतल्या या साऱ्या यंत्रणेच्या उकलीसाठी गोड्सबी, लार्स एडविन्सन, मायकल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना 2021 चं ब्रेन प्राइज मिळालं.

बोटॉक्सची पद्धत ठरलेली आहे. भुवयांमध्ये, कपाळावर, कानशिलांवर, डोक्यामागे, मानेवर आणि खांद्यांवर मिळून 31 जागा, प्रत्येक ठिकाणी 5 युनिट, एकूण 155, दर 12 आठवड्यांनी. ज्या चाचण्यांवरून 2010 मध्ये त्याला मान्यता मिळाली, त्यांत औषध मिळालेल्यांचे डोकेदुखीचे दिवस 28 दिवसांत सरासरी 8.4 ने कमी झाले आणि नुसतं सलाइन मिळालेल्यांचे 6.6 ने. म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा सरासरीत दोन दिवसांहूनही कमी. सरासरीच्या आत कोणाला खूप फरक पडतो, कोणाला अजिबात नाही. म्हणून दोन-तीन फेऱ्या देऊन मगच निर्णय घेतात. पापणी लोंबणं आणि मान दुखणं हे त्रास होऊ शकतात, ते उतरतातही. महिन्यात 15 दिवसांपेक्षा कमी दुखणाऱ्यांना मात्र बोटॉक्सचा उपयोग सिद्ध झालेला नाही. औषध महाग आहे, तेव्हा सौंदर्योपचाराच्या दुकानात ‘मायग्रेनलाही चालतं’ एवढ्यावर ते घेऊ नये.

विजेचा मार्ग सर्वांत जुना. पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने डोकेदुखीवर जिवंत विद्युत-मासा कपाळाला लावायला सांगितलं होतं. विजेने आराम का पडतो याचं एक कारण रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलं: स्पर्शाच्या जाड तंतूंमधून आलेला संदेश वेदनेच्या संदेशाची वाट मज्जारज्जूतच अडवतो. आपटलेली जागा आपण चोळतो ती त्यामुळेच. 1893 पासून मुंबईहून घरोघरी गेलेलं अमृतांजन कपाळाला चोळताना त्या चोळण्याचाही वाटा असणार, असं मला वाटतं.

आजची यंत्रं माशापेक्षा सौम्य आहेत. कपाळावर भुवयांच्या वर चिकटवायचं एक यंत्र रोज 20 मिनिटं लावायचं असतं. त्याला अमेरिकेत 2014 मध्ये परवानगी मिळाली. मानेवर धरून व्हेगस नस चेतवणारं एक आहे. दंडाला बांधायचं एक यंत्र भारतातही आलं आहे. झटक्याच्या सुरुवातीला ते 45 मिनिटं चालवायचं. दंडातल्या संवेदनेने मेंदूच्या देठातली, शरीरभरची वेदना दाबणारी यंत्रणा जागी होते, म्हणून डोक्याच्या दुखण्यासाठी दंड चालतो. परिणाम माफक, पण दुष्परिणाम जवळपास नाहीत. गोळ्यांचे दिवस कमी करायचे असतील तेव्हा याची मदत होते.

त्वचेखाली कायमची तार बसवणं ही सर्वांत वरची पायरी. 1999 मध्ये रिचर्ड वायनर आणि केनेथ रीड यांनी मागच्या नसेवर अशी तार बसवून बॅटरीने चेतवण्याची पद्धत मांडली. तार सरकते, जंतुसंसर्ग होतो, बॅटरी बदलावी लागते, त्यामुळे पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ अनेकांवर येते. कशालाच न बधणाऱ्या क्लस्टरसाठी झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत एका गटाला पूर्ण तीव्रतेचा विद्युतप्रवाह दिला आणि दुसऱ्याला 30 टक्के. दोन्ही गटांचे झटके जवळपास निम्म्यावर आले आणि दोघांत फरक उरला नाही. वर्षानुवर्षं होरपळलेल्या माणसाचे झटके निम्मे होणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्यात विजेचा वाटा किती, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. नस दाबणारा स्नायू कापून ‘मायग्रेनची सर्जरी’ करून देणाऱ्यांपासून तर लांबच राहावं. अमेरिकन हेडेक सोसायटीने 2013 मध्येच सांगितलं आहे, की संशोधनाच्या चाचणीबाहेर ती करू नये.

ब्लॉक घ्यायचं ठरलं तर आधी महिनाभर एक साधी वही ठेवावी: डोकं दुखलेले दिवस, त्यातले अंथरुणाला खिळलेले दिवस आणि गोळी घेतलेले दिवस. ब्लॉकनंतरही तीच वही चालू ठेवायची. बधिर झालं का, त्या दिवशी आराम पडला का आणि तो किती दिवस पुरला, हे वेगवेगळं लिहायचं. बधिर झालंच नसेल तर सुई नसेपाशी पोहोचली नव्हती, मग एकदा सोनोग्राफीच्या मदतीने पुन्हा करून पाहण्यात अर्थ आहे. नीट बधिर होऊनही दोन-तीन वेळा काहीच फरक पडला नाही, तर तो मार्ग सोडून डॉक्टरांशी पुढच्या मार्गाचं बोलायचं. फरक पडला आणि आठवडे टिकला, तर त्या मोकळ्या दिवसांत गोळ्या उतरवायच्या, झोपेच्या वेळा बसवायच्या आणि झटके रोखणारं रोजचं औषध सुरू करायचं.